टोचलेलं कुणी सांगत नाही

दीपमालाला सुई टोचली ती भर दुपारी, प्रसूतिकक्षात, आणि तीही स्वतःच्याच हातानं.

एमबीबीएसचा अभ्यास संपून तिची इंटर्नशिप चालू होती. नांदेडच्या एका दवाखान्यात बाळंतपणाच्या विभागात तिची पाळी लागली होती. त्या दुपारी इस्लापूरकडची जगदेवी नावाची बाई नुकतीच मोकळी झाली होती. मुलगी झाली होती. जगदेवीला एचआयव्हीची लागण आहे हे केसपेपरवरच लिहिलेलं होतं, म्हणून दीपमालानं हातात दोन-दोन ग्लोव्हज चढवले होते. टाके घालायच्या आधी तिनं भुलीचं इंजेक्शन दिलं आणि सुईवर टोपण बसवायला गेली. वापरलेल्या सुईवर टोपण बसवायचं नसतं, हे तिनं परीक्षेत दोनदा लिहून मार्क घेतले होते. पण हाताला सवय लागली होती. तेवढ्यात पलीकडच्या खाटेपाशी उभ्या असलेल्या सिस्टरनी हाक मारली, दीपमालाची मान वळली, आणि सुई टोपणाला घासून तिच्या डाव्या हाताच्या बोटात शिरली.

दुखलं म्हणावं तर नाहीच. मुंगी चावावी तेवढं. तिनं बोटाकडं पाहिलं. पांढऱ्या ग्लोव्हच्या आत एक लाल ठिपका उमटला आणि हळूहळू मोठा झाला.

"काय झालं गं?" शेजारी उभ्या असलेल्या निवासी डॉक्टरनं विचारलं.

"काही नाही. ग्लोव्ह फाटला. तुम्ही टाके घालता का? मी आलेच."

ती बेसिनपाशी गेली आणि नळ सोडून बोट पाण्याखाली धरून उभी राहिली. पाणी वाहत होतं आणि तिच्या कानात नुसतं घोंघावत होतं. अशा वेळी काय करायचं हे तिला पाठ होतं. ताबडतोब सांगायचं, तास-दोन तासांच्या आत औषध सुरू करायचं. औषध कुठं मिळतं तेही ठाऊक होतं. जिना उतरून डावीकडं. पण पाय हलेनात. मागच्या वर्षी एका सीनियर मुलाला असंच टोचलं होतं. त्यानं सांगितलं, औषध घेतलं, तो ठणठणीतही निघाला. पण मेसमध्ये त्याच्या ताटाशेजारची खुर्ची कितीतरी दिवस रिकामी राहायची. बाजूला सरकणारे सगळे डॉक्टरच होते. आणि त्यांतली एक दीपमाला होती.

ती जिना उतरली नाही. होस्टेलवर गेली, खोलीतली मैत्रीण तनुजा हिला डोकं दुखतंय म्हणून सांगितलं आणि भिंतीकडं तोंड करून पडून राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र ती मायक्रोबायोलॉजी विभागाच्या दारात उभी होती. रोगजंतूंची तपासणी करणारा हा विभाग, आणि त्याच्या प्रमुख सदफ मॅडम. मॅडम नांदेडच्याच, त्यांच्या घराण्याचं चौकात अत्तराचं दुकान. त्या वर्गात कधी आवाज चढवत नसत, म्हणूनच मुलं त्यांना जास्त घाबरत.

"मॅडम, मला... एका पेशंटची सुई..."

मॅडमनी चष्मा काढला. "पेशंट पॉझिटिव्ह?"

"हो."

"कधी?"

"काल दुपारी."

मॅडमनी समोरचे कागद बाजूला सारले. मग उठल्या, तिचं मनगट धरलं आणि तशाच तिला खाली घेऊन गेल्या. "पहिली गोळी इथंच घ्यायची. माझ्यासमोर."

"मॅडम, हे कुणाला कळेल का?"

"मला कळलं. गोळी देणाऱ्याला कळलं. बास. आधी गीळ बेटा, मग रड."

गोळी घशात अडकली. वरून दोन घोट पाणी घ्यावं लागलं. मॅडमनी समजावून सांगितलं: अशी सुई टोचलेल्या हजार जणांत जेमतेम तिघांना लागण होते, औषध घेतलं तर त्याहूनही कमी. महिनाभर गोळ्या, दीड महिन्यानं तपासणी, तीन महिन्यांनी परत, सहा महिन्यांनी शेवटची. मग जरा थांबून म्हणाल्या, "काल आली असतीस तर फार बरं झालं असतं."

दीपमालाच्या ध्यानात हजार राहिले नाहीत. तीन राहिले, आणि मॅडमचं ते शेवटचं वाक्य राहिलं.

गोळ्यांनी सकाळी मळमळायचं आणि तोंडाला कडू चव राहायची. जरा अंग गरम लागलं की तिला वाटायचं, झालं, सुरू झालं. मानेला गाठी आल्यात का हे ती दिवसातून कितीदा चाचपून बघायची. तनुजा जवळ आली की उगाच बाजूला व्हायची. पुस्तकात ज्या रोगाची पानं तिनं एका बैठकीत वाचून टाकली होती, ती पानं आता तिच्यानं उघडवत नव्हती.

त्यातच वेळ अमावस्या आली. लातूर भागातल्या माणसानं या सणाला रानात जायचं नाही म्हणजे घरात कुणीतरी मेलंय का, असा प्रश्न येतो. दीपमालाचं गाव चाकूरपासून कोसभर. वडील श्रीमंतराव, म्हणजे पोरांचे अण्णा, आई सिंधुबाई, थोरला भाऊ हरिओम, वहिनी आणि चार वर्षांची पुतणी पुनम. ज्वारी कमरेच्या वर गेली होती, हरभरा घाट्यांवर आला होता. कडब्याची कोपी उभी केली होती, तिच्यात चुन्यानं रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून मांडले होते. चाकूरहून, अहमदपूरहून पाहुणे आले होते. भाज्या-शेंगांची भज्जी, बाजरीचे उंडे, खीर, माठात आंबील.

"ही आमची दीपा," वडील येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते. "डाक्टर. आता फुडलं शिकली की अहमदपुरात बाळंतपनाचा दवाखाना टाकनार हाय. जागा बी बगून ठिवलीय म्या, मोंढ्याच्या बाजूला, ऐन बाजारात."

दीपमाला मान खाली घालून हसत होती. पुनम तिच्या मांडीवर येऊन बसली आणि तिच्या पेल्यातलं आंबील प्यायला तिनं तोंड लावलं. दीपमालानं पेला असा हिसकावला की आंबील पोरीच्या अंगावर सांडलं. पोर भोकाड पसरून रडायला लागली. वहिनी बघत राहिली.

पेल्यानं हा रोग होत नाही हे दीपमालाला ठाऊक नव्हतं असं नाही. बसस्टँडवरच्या अडाणी माणसालाही तिनं ते पटवून दिलं असतं. पण हात आधी गेला होता.

ती उठून कोपीमागं गेली आणि ओकली. वळून बघते तर आई उभी. हातात पाण्याचा तांब्या.

सिंधुबाईंनी तांब्या दिला. इकडंतिकडं पाहिलं आणि अगदी खालच्या आवाजात विचारलं, "कितवा म्हईना हाय?"

दीपमालाला आधी अर्थच लागला नाही. लागला तेव्हा ती एक पाऊल मागं सरकली. "माय! काय बी काय बोलतीस?"

"मंग सकाळधरनं ओकायलीस कामून? त्वांड उतरलंय. लेकराला जवळ यिऊ दिना गेलीस."

"पित्त झालंय गं. अब्यास चालूय, जागरन हुतं."

आईनं तांब्या परत घेतला. पण त्या दिवसभर ती दीपमालाला नजरेआड होऊ देईना, आणि श्रीमंतराव दवाखान्याचं नाव काय ठेवायचं हे पाहुण्यांना विचारू लागले तेव्हा ती ताटं गोळा करायचं निमित्त काढून उठून गेली. आपल्या पोटात एक भीती आहे आणि आपल्या आईच्या पोटात दुसरीच, हे दीपमालाला दिसत होतं. तरी तिचं तोंड उघडलं नाही.

आठवड्यानं होस्टेलच्या फाटकावरून निरोप आला, तुमची आई आली आहे. सिंधुबाई आयुष्यात एकट्या अहमदपूरच्या पुढं गेल्या नव्हत्या. लोह्याला बहिणीकडं जाते म्हणून घरी सांगून त्या एसटीत बसल्या होत्या आणि थेट नांदेडला उतरून, विचारत विचारत होस्टेलपर्यंत पोहोचल्या होत्या. कडेला भाकरी-शेंगाचटणीचं गाठोडं. खोलीत आल्या, तनुजा बाहेर जाईपर्यंत थांबल्या, मग दार लावून म्हणाल्या, "आता सांग. कुनी काय केलं असंल तरी सांग. तुज्या अण्णाला कळू देत न्हाई. मी हाय."

मग मात्र दीपमालाचा बांध फुटला. तिनं सगळं सांगितलं. सुई, ती बाई, रोगाचं नाव, गोळ्या.

आईच्या चेहऱ्यावर आधी सुटका दिसली. "म्हंजे तसलं काय न्हाई?"

"न्हाई माय."

आणि मग ती सुटका हळूहळू पुसली गेली. "ह्यो मरायचा रोग हाय का?"

"आता गोळ्या असत्यात. मानूस धडधाकट ऱ्हातंय. आन मला झालाय असं न्हाई अजून."

"अजून म्हंजे?"

दोघी खाटेवर बसल्या. मग आईनं पदरानं तोंड पुसलं आणि विचारलं, "ती बाई कुटं हाय आता?"

"गेली घरी. इस्लापूरला."

"काय झालं तिला?"

"लेक."

"लेकराला हाय का त्यो रोग?"

"म्हाईत न्हाई."

"इचारलं बी न्हाईस?"

दीपमालानं विचारलं नव्हतं. खरं तर तिनं इतक्या दिवसांत त्या बाईचा मनोमन रागच केला होता. जणू जगदेवीनंच सुई धरली होती.

आई संध्याकाळच्या आत लोह्याला बहिणीकडं पोहोचायला हवी होती, म्हणून दुपारच्याच गाडीनं निघाली. निघताना म्हणाली, "अण्णाला मी सांगत न्हाई. पर मला ल्हपवू नगस. माजा जीव टांगनीला लागतो." दीपमाला बस हलेपर्यंत स्टँडवर उभी राहिली. आता भ्यायला दोघी झाल्या होत्या. त्यानं भीती दोघींत विभागून कमी झाली असं काही नाही, पण रात्री आईचा फोन येऊ लागला आणि आई एकच विचारायची, "जेवलीस का?"

जगदेवीच्या लेकीचं तिनं मॅडमना विचारलं. मॅडम म्हणाल्या, बाळाला जन्मापासून औषध चालू आहे, आणि पहिली तपासणी दीड महिन्यानं. म्हणजे बाळाची आणि दीपमालाची वेळ एकच होती. ज्या दुपारी एक जन्मली त्याच दुपारी दुसरीला टोचलं होतं.

तो आठवडा आला. विभागाच्या बाहेर बाकावर जगदेवी बसलेली दिसली. मांडीवर दुपट्यात गुंडाळलेली पोर. दीपमाला खांबाआड थबकली. परत फिरावं असं वाटलं. पण जगदेवीनं ओळखलं होतं.

"तुमीच व्हता ना बाई, त्या दिशी? लई धीर दिला तुमी."

"कसं आहे बाळ?"

"दूद पिती. रडती बी लई." जगदेवीनं पोरीच्या टाचेवरून बोट फिरवलं. "आज हितनं रगत काढनार म्हनत्यात. मला भ्या वाटायलंय बाई. हिला निघालं तर मी काय करू?"

आपणही त्याच रांगेत आहोत हे दीपमालानं सांगितलं नाही. सांगून त्या बाईला अपराधी कशाला करायचं. ती नुसती शेजारी बसली. रक्त काढताना पोर किंचाळली तेव्हा तिनंच पोरीचा पाय धरला.

दीपमालाचा निकाल दुसऱ्या दिवशी आला. लागण नाही. मॅडमनी सांगितलं तेव्हा तिला हसूही आलं नाही, ती म्हणाली, "अजून दोनदा आहे ना?" जगदेवीच्या लेकीचा निकाल काही आठवड्यांनी आला. तीही तूर्त सुटली होती. दीपमालाच्या पुढच्या दोन्ही तपासण्याही स्वच्छ निघाल्या.

त्या सगळ्या महिन्यांत दीपमालाला एकाच जागी थोडं बरं वाटायचं, ते मॅडमच्या लॅबमध्ये. होस्टेलवर बसून मानेच्या गाठी चाचपण्यापेक्षा ती तिथं जाऊन काचेच्या बशांत जंतू वाढवायचं काम शिकायची. आदल्या दिवशी कोरी असलेली बशी दुसऱ्या दिवशी ठिपक्यांनी भरलेली असायची, आणि ते कोण, कुठून आले, कशानं मरतील, हे शोधून काढायचं. ज्याची भीती वाटते ते समोर धरून बघता येतं, हे तिला तिथं पहिल्यांदा कळलं. पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेत तिला गुण चांगले पडले. बाळंतपणशास्त्र सहज मिळालं असतं. ती मॅडमकडं गेली आणि म्हणाली, "मला मायक्रोबायोलॉजी घ्यायचंय. पुढं शिकवायचंय."

मॅडमना आनंद होईल असं तिला वाटलं होतं. मॅडमनी विचारलं, "लेबर रूममध्ये पुन्हा गेली होतीस का?"

"नाही."

"मग तू माझ्याकडं येत नाहीस बेटा, तिथून पळतेस. पळून आलेली माणसं इथं टिकत नाहीत, चार वर्षांनी कुढत बसतात. आधी तिथं जा. टाके घाल. मग ये."

"आणि गेले, तरी हेच हवं वाटलं तर?"

"तर ऐक, काय वाढून ठेवलंय ते. तीन वर्षं एमडी. मग वर्षभर सीनियर रेसिडेन्सी. मग सहायक प्राध्यापकाची जागा निघायची वाट बघायची. निघाली तर बहुतेक कंत्राटी, दर वर्षी नव्यानं. शोधनिबंध लिहायचे, नाहीतर बढती नाही. बदली कुठंही. आणि गावात तुला कुणी डॉक्टर म्हणणार नाही, कारण तू सुई देत नाहीस. हे सगळं मी सोसलंय, म्हणून सांगते."

दीपमाला लेबर रूममध्ये गेली. सिस्टरनी ट्रे सरकवला. तिनं सुई दोनदा उचलली आणि दोनदा खाली ठेवली. तिसऱ्यांदा ती टाके घालू लागली. एकेक टाका घालताना ती मनात स्वतःशी बोलत होती, घाई नको, घाई नको. टाके नीट पडले. सुई टोपणाविना थेट डब्यात टाकली. बाहेर येऊन ती जिन्यावर बसली. भीती गेली नव्हती. पण तिच्यासकट हात चालतो, एवढं कळलं होतं. आणि तरीही मन लॅबकडंच ओढत होतं. तिनं शाखा निवडली.

घरी सांगायला गेली तेव्हा श्रीमंतराव ओसरीवर बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मंग पेशंट कोन तपासनार?"

"पेशंट न्हाई अण्णा. रगत, थुंकी, असं तपासायचं. आन पोरांला शिकवायचं."

"म्हंजे मास्तरीन."

"हाव."

"मास्तरीन व्हायला येवढी वर्सं घालिवलीस?" ते उठून गेले. पुढं वर्षभर ते तिच्याशी मोजकंच बोलले. मोंढ्याशेजारच्या जागेचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही, आणि तेच तिला जास्त लागायचं. आई खरं कारण जाणत होती, पण दिलेल्या शब्दापायी गप्प होती.

एमडीत प्रबंधाचा विषय निवडायची वेळ आली तेव्हा दीपमालानं हाच निवडला: दवाखान्यात काम करणाऱ्या किती जणांना सुया टोचतात आणि किती जण सांगतात. नाव न विचारता ती माणसांशी बोलायची. डॉक्टर, सिस्टर, वॉर्डबॉय. बहुतेकांना टोचलेलं होतं आणि बहुतेकांनी सांगितलेलं नव्हतं. कचऱ्याच्या पिशव्या उचलणारी केवळाबाई नावाची बाई तर नुसतं विचारल्यावरच उठून चालू लागली.

"मला काय बी टोचलं न्हाई."

"मावशी, मी कुणाला सांगणार नाही."

"असंच म्हनत्यात. फुडं ठेकेदार कामावरनं काढतो." मग दारातून मागं वळून तिनं पंजा दाखवला. "पिशवीतनं टोचतंयच की. टोचलं की चुना लावते. तपासून काय करू? निघालं तर काय करू?"

निघालं तर काय करू, हे शब्द दीपमालानं ऐकले होते. स्वतःच्या मनात रोज, आणि एकदा जगदेवीच्या तोंडून. केवळाबाईला तपासणीला तयार करायला तिला तीन महिने लागले. सदफ मॅडमनी ठेकेदाराला बोलावून बजावलं, तेव्हा कुठं ती रक्त द्यायला बसली. एचआयव्ही नव्हता. काविळीचा विषाणू मात्र निघाला, यकृताला आतून पोखरणारा. औषध मिळालं, ती वाचली. पण दीपमालाला वाटत राहिलं, अजून वर्षभर हिनं चुनाच लावला असता तर?

एमडी झालं. रेसिडेन्सी झाली. लातूरला एका वैद्यकीय महाविद्यालयात तिला सहायक प्राध्यापकाची कंत्राटी जागा मिळाली. मॅडमनी सांगितलं होतं तसंच सगळं. मुदत संपत आली की कार्यालयात खेटे, आणि वाढवून मिळाली की पुढच्या वर्षापुरता श्वास. घरून स्थळं बघणं चालू होतं. उदगीरचा संगमेश नावाचा इंजिनियर मुलगा, पुण्यात नोकरी. बोलणी बरीच पुढं गेली होती.

त्याच सुमाराला नव्या इंटर्न मुलांना सुरक्षिततेचा तास घ्यायचं काम तिच्याकडं आलं. शंभरावर मुलं. तिनं चित्रं दाखवली, नियम सांगितले. मुलं मोबाइलमध्ये. तिनं विचारलं, "टोचलं तर कुणाला सांगाल?" सगळे एका सुरात म्हणाले, "विभागाला." तिला तो सूर ओळखीचा वाटला. तीही असंच म्हणाली होती.

तिनं हातातला रिमोट टेबलावर ठेवला. आता बोलले तर परत घेता येणार नाही, हे तिला कळत होतं. कंत्राट, संगमेश, अण्णा, गाव, सगळं डोळ्यांपुढून गेलं.

"मी नाही सांगितलं," ती म्हणाली. "मला पॉझिटिव्ह पेशंटची सुई टोचली होती, आणि मी होस्टेलवर जाऊन झोपले."

मोबाइल खाली गेले. तिनं सगळं सांगितलं. मेसमधली खुर्ची, आंबिलाचा पेला, आईचा प्रश्नसुद्धा.

बातमी फिरायला वेळ लागला नाही. वर्गात अहमदपूरचा एक मुलगा होता. तिथून ती गावभर झाली, आणि वाटेत तिचं रूप बदललं. 'टोचली होती'चं 'झालाय' झालं. आठ दिवसांत उदगीरकरांचा निरोप आला, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी श्रीमंतराव स्वतः लातूरला तिच्या विभागाच्या दारात उभे राहिले. धोतर, टोपी, कपाळावर घाम.

दीपमालाला सुई टोचली तेव्हाही इतकी भीती वाटली नव्हती.

"खरं हाय का?" त्यांनी विचारलं.

"टोचली हुती, हे खरं हाय अण्णा. रोग न्हाई. कवाच न्हवता."

"तुज्या मायला ठावं हुतं?"

"हाव."

"आन मला न्हाई."

वडील बाकावर बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली. आता ओरडतील, असं तिला वाटलं. पण त्यांनी विचारलं, "त्या वेळ अमावशेला म्या सगळ्यांला दवाखान्याचं नाव इचारत फिरलालो. तवा तुज्या आंगात ते भ्या हुतं?"

"हाव."

त्यांनी मान हलवली. ते टोपीची घडी घालत आणि मोडत राहिले.

"उदगीरवाले रिपोर्ट मागायलेत," ते म्हणाले.

"देते की अण्णा. ताजा काढून देते. स्वच्छ हाय."

"देऊ नगस."

"त्यात काय बिघडतंय?"

"मागितला न्हवं? म्हनून द्यायचा न्हाई. म्या त्यांला काल राती न्हाई म्हनून सांगून मोकळा झालो. आज तुला इचारायला आलो, ते तू धड हायीस का न्हाईस येवढंच इचारायला." आणि मग तिच्याकडं न बघता, "धड हायीस न्हवं?"

तिला हुंदका आला. वडिलांना काय करावं ते सुचेना. ते उठून भिंतीवरची जंतूंची रंगीत चित्रं बघत उभे राहिले. जरा वेळानं म्हणाले, "ही नोकरी पक्की कवा हुनार?"

"सांगता येत न्हाई. दर साली भ्या वाटतं, काढतील म्हनून. आता तर जास्तीच वाटतंय."

"मंग सोड की. अजून अहमदपुरात..."

"न्हाई अण्णा."

त्यांनी पुन्हा आग्रह केला नाही. कँटीनमध्ये दोघांनी चहा घेतला. ती त्यांना स्टँडवर सोडून आली.

त्या तासाबद्दल वरिष्ठांनी तिला बोलावून घेतलं. खाजगी गोष्टी वर्गात सांगायची काय गरज होती, असं विचारलं. ती उभी राहून ऐकत होती. कंत्राट गेलंच असं धरून चालली होती. ते गेलं नाही. का गेलं नाही ते तिला कुणी सांगितलं नाही. कदाचित त्या सत्रात टोचल्याचं सांगायला येणाऱ्यांची रीघ लागली म्हणून असेल. आधी वर्षभरात एखादा यायचा. आता इंटर्न येत, सिस्टर येत, एकदा कपडे धुणारे काका आले. कुणी दारात अडखळलं, बोट मुठीत लपवून उभं राहिलं, की दीपमालाच्या छातीत धडधडायला लागतं, आजही. ती काही न विचारता उठते आणि त्या माणसाला घेऊन औषधाच्या खिडकीकडं चालू लागते.

गेल्या महिन्यात कायमच्या जागांची जाहिरात आली. तिनं अर्ज केला आहे. मुलाखत मुंबईत आहे, जागा थोड्या आणि उमेदवार पुष्कळ. सदफ मॅडम रोज फोनवर तिच्याकडून तयारी करून घेतात आणि चुकली की अजूनही तसंच शांतपणे बोलतात, त्यामुळं ती जास्तच घाबरते. आई म्हणते, मी संगं येते. अण्णांनी तिकीट काढायला हरिओमला सांगून टाकलं आहे, दोघींचं नाही, तिघांचं.